पंपघरातून आलेली अक्षरं

साठी उलटली तरी तिला सगळे धाकटीच म्हणत. घरात शेंडेफळ म्हणून धाकटी, आणि पाणीपुरवठा खात्यात थोरली बहीण आधीपासून नोकरीला होती म्हणून 'धाकट्या बाई'. तिच्या निरोपसमारंभात खातेप्रमुखांनी भाषणात तिचं कागदोपत्री नाव घेतलं, तेव्हा मागच्या रांगेतल्या दोघांनी एकमेकांना विचारलं म्हणे, की हे कुणाबद्दल चाललंय.

थोरली म्हणजे ताई, सात वर्षांनी मोठी. वडील गेले तेव्हा ताई कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिने पुस्तकं कपाटात ठेवली आणि पंपघरात ऑपरेटरची नोकरी धरली. पंपघर शहराबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी; पाण्याची टाकी वर टेकडीवर. लांबट खोली, चार मोटारी, भिंतीवर गोल तबकड्यांचे मीटर, आणि कोपऱ्यात काचेची एक केबिन, आत टेबल आणि खुर्ची. मोटारी चालू असल्या की बोललेलं ऐकू येत नसे, त्यामुळे पंपघरातल्या माणसांना मोठ्याने बोलायची सवय लागे. ताई घरी आल्यावरही पहिला अर्धा तास ओरडूनच बोलायची. आई म्हणायची, "अगं, मी इथेच आहे, टाकीवर नाही."

ताईचं काम म्हणजे दर तासाला टाकीची पातळी बघून लिहून ठेवायची. आधी ती वहीत लिही. मग खात्यात संगणक आले, पंपघराच्या केबिनमध्ये पडदा आणि बटणं असलेलं एक टर्मिनल येऊन बसलं, आणि पातळी टाइप करून थेट मुख्य कार्यालयातल्या मोठ्या मशिनला कळवायची पद्धत सुरू झाली. त्याच सुमाराला धाकटी शिकून बाहेर पडली आणि मुख्य कार्यालयाच्या संगणक विभागात लागली. म्हणजे आता थोरली एका टोकाला टाइप करत होती आणि धाकटी दुसऱ्या टोकाला ते येतंय का बघत होती.

संगणक विभाग म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या. पंख्यांची एकसारखी घरघर, जमिनीवर पायात येणाऱ्या तारा, आणि खिडकीशी विभागप्रमुखांचं टेबल. हे गृहस्थ काहीही मोजायला शून्यापासून सुरुवात करत. जिन्याच्या पायऱ्यासुद्धा. पहिल्या दिवशी त्यांनी धाकटीला सांगितलं, की शून्याव्या कपाटातली फाइल आणा. तिने सगळी कपाटं धुंडाळली. त्यांना सगळे शून्यसाहेब म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होतं. कडक माणूस, पण शिकवायला बसला की घड्याळाकडे बघत नसे. प्रोग्राम लिहायची सी भाषा धाकटी त्यांच्याकडून शिकली. पॉइंटर, म्हणजे मशिनच्या स्मृतीतल्या जागेवर ठेवलेलं जणू बोटच, वापरताना ती चुकली की ते नुसतं विचारत, "धाकट्या बाई, तुमचं बोट नेमकं कुठे आहे?" आणि तिचं बोट खरोखरच भलतीकडे असे.

दोघी बहिणींचं दिवसभरातलं बोलणं त्या टर्मिनलवरूनच चाले. पंपघरातला फोन इंजिनिअरच्या खोलीत कुलपात असायचा. पण मशिनवर एक सोय होती. एक ओळ टाइप करून बटण दाबलं, की ती दुसऱ्याच्या पडद्यावर उमटे. रोमन अक्षरांत, वेड्यावाकड्या स्पेलिंगमध्ये त्या एकमेकींना लिहीत. आईने औषध घेतलं का, किल्ली कुणाकडे आहे, येताना साबण आण. शून्यसाहेबांना हे माहीत होतं. ते म्हणत, तारेला तेवढंच जरा घरगुती वळण.

मग तो उन्हाळा आला. दुपारी तीनच्या सुमारास पंपघरातून पाठवलेली पातळी मशिनमध्ये सापडेना. रोज नाही, आठवड्यातून दोनदा-तीनदा. एका दुपारी टाकी भरत आली होती, तीनची नोंद कोरी राहिली, मुख्य कार्यालयातून मोटार बंद करायचा निरोप गेला नाही, आणि टाकी भरून वाहिली. टेकडीखालच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी आलं. एका छापखान्याचे कागदाचे गठ्ठेच्या गठ्ठे भिजले. ओरड झाली आणि चौकशी बसली.

ज्या कंपनीने मशिन आणि त्यावरचा कार्यक्रम, म्हणजे सॉफ्टवेअर, बसवून दिला होता, तिचा इंजिनिअर आला. गळ्यात टाय, बोलायला गोड. त्याने दोन दिवस इकडेतिकडे पाहिलं आणि अहवाल दिला, की यंत्रणेत दोष नाही, ऑपरेटर बाई नोंद करायला विसरतात किंवा चुकीची बटणं दाबतात. ताईला खुलासा मागणारं पत्र मिळालं.

त्या दिवशी ताई घरी आली ती न ओरडता. हातपाय धुतले, आईला जेवायला वाढलं, आणि मग धाकटीला म्हणाली, "मी सहा पूर्णांक आठ लिहिलं होतं. मला आठवतंय, कारण आठाचं बटण अडकतं आणि ते जोरात दाबावं लागतं."

धाकटीने दुसऱ्या दिवशी हे शून्यसाहेबांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, की आठवणीवर चौकशी समिती विश्वास ठेवणार नाही, आपल्याला तारेची साक्ष काढावी लागेल.

तारेची साक्ष म्हणजे असं. संगणक एकमेकांशी बोलतात ते तुकड्यातुकड्यांनी. त्या प्रत्येक तुकड्याला म्हणायचं पॅकेट. पुढे पत्ता, म्हणजे कुठून आलं, कुठे चाललं, आणि आत मजकूर. पंपघरातल्या टर्मिनलवर एक बटण दाबलं की एक पॅकेट निघे. मशिन 'पोचलं' म्हणून उलट एक पाठवी. तारेवरून जाणाऱ्या सगळ्या पॅकेटांची नक्कल तिसऱ्याच संगणकावर साठवून ठेवता येते. ते सोपं होतं. अवघड होतं ते साठवलेलं वाचणं. फाइल उघडली तर नुसते आकड्यांचे डोंगर. त्यातून अर्थ काढणारा प्रोग्राम सीमध्ये लिहायचा होता, आणि साहेबांनी तो धाकटीवर सोपवला. बहिणीचा प्रश्न होता म्हणून नव्हे. विभागात दुसरं कुणी रिकामं नव्हतं म्हणून.

एक अट मात्र त्यांनी घातली. "पत्ता वाचायचा, मजकूर नाही. या तारेवरून सगळ्या खात्याची बोलणी जातात. आपण पोस्टातली माणसं आहोत असं समजा."

अकरा दिवस नक्कल साठत होती आणि धाकटी प्रोग्राम लिहीत होती. तिला आयुष्यात इतकं सुख पुन्हा क्वचितच लागलं असेल. सुरुवातीला प्रोग्राम सांगे, की सगळी पॅकेटं पाच हजार आठशे अठ्ठ्याऐंशी नंबरच्या दारावर, म्हणजे पोर्टवर, चाललीत. असं दार मशिनला नव्हतंच. दोन दिवस तिने डोकं आपटलं. शेवटी साहेब मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, की आकड्याच्या दोन बाइटांची, म्हणजे दोन भागांची, अदलाबदल करून बघा. केली, तर आकडा निघाला तेवीस, आणि तेवीस हेच टर्मिनलचं दार. तारेवर मोठा बाइट आधी येतो, तिचा संगणक धाकटा आधी वाचत होता. "धाकट्याला आधी बोलू दिलं की असं होतं," साहेब म्हणाले. तिला हसू आवरेना. तो विनोद तिने घरी सांगितला, तेव्हा आई आणि ताई दोघी तिच्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

चौकशीच्या आधी प्रोग्राम तयार झाला. पण नुसत्या पत्त्यांवर काम भागेना. ताईने नेमकं काय टाइप केलं, हे दाखवायचं तर आतला मजकूर वाचणं भाग होतं. साहेब म्हणाले, की ज्यांची अक्षरं आहेत त्यांना विचारा. धाकटी सायकल काढून पंपघरात गेली. मोटारींच्या आवाजात तिने तीनदा ओरडून विचारलं, तेव्हा कुठे ताईला कळलं.

"वाच की," ताई ओरडली. "मी काय पंपाला प्रेमपत्रं लिहिते?"

तरी त्या अकरा दिवसांत ज्या दोन दुपारी नोंद पुन्हा हरवली होती, तेवढ्याच वाचायच्या असं साहेबांनी ठरवलं, आणि तेवढ्याच तिने वाचल्या.

समितीपुढे धाकटीने कागद ठेवला. दुपारी तीन वाजून दोन मिनिटं. पंपघरातून चार पॅकेटं. सहा, टिंब, सात, आणि ओळ संपवायचं बटण. चारही पॅकेटांना मशिनने 'पोचलं' असं उत्तर दिलेलं.

कंपनीचा इंजिनिअर कागद हातात घेऊन जरा वेळ बघत राहिला. मग गोड आवाजात म्हणाला, की बाईंनीच पुरावा आणून दिलाय. प्रत्येक आकड्यामागे हे पाच-पाच बाइट कसले? कुठे शून्यं, कुठे भलतीच अक्षरं. ऑपरेटर आकड्याबरोबर वाटेल ती बटणं दाबतायत, मग कार्यक्रम गोंधळेल नाही तर काय?

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. ते पाच बाइट तिनेही पाहिले होते. काहीतरी असेल म्हणून सोडून दिले होते. समितीने जेवणाची सुट्टी दिली. बाहेरच्या बाकावर ताई बसली होती, मांडीवर डबा, न उघडलेला. धाकटीची तिच्याकडे बघायची हिंमत होईना.

शून्यसाहेबांनी तिला पायऱ्यांवर बसवलं आणि हातात पेन्सिल दिली. म्हणाले, बेरीज करा. तारेचा पत्ता चौदा बाइट. त्यानंतरचा पत्ता वीस. त्याच्या आतला आणखी वीस. मजकूर एक अक्षर. किती झाले? पंचावन्न, ती म्हणाली. या तारेवर साठाहून लहान पॅकेट चालत नाही, साहेब म्हणाले, मग उरलेले पाच कुणी घातले? तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. पाठवणारं यंत्रच ती जागा भरतं. कधी शून्यांनी, कधी आधीच्या पॅकेटातल्या उरल्यासुरल्या कचऱ्याने. मजकुराची खरी लांबी पॅकेटाच्या आतच लिहिलेली असते. ती न वाचता तिचा प्रोग्राम पॅकेटाच्या शेवटपर्यंत वाचत सुटला होता. चूक तिचीच होती, एका ओळीची.

तिने ती ओळ दुरुस्त केली. नवा कागद छापून समितीपुढे ठेवला आणि पाच बाइटांचं गणित फळ्यावर मांडलं. आकडे चुकले नाहीत. मग दुसरा कागद ठेवला. हरवलेल्या दोन्ही नोंदी तीन वाजून दोन मिनिटांनी पोचल्या होत्या, आणि कंपनीचा कार्यक्रम रोज तीनला दिवसाची गोळाबेरीज करायला घेई आणि तीन-चार मिनिटं दुसऱ्या कुणाकडे लक्ष देत नसे. ज्या दिवशी नोंद त्या मिनिटांत येई, त्या दिवशी ती ऐकली जाई आणि टाकून दिली जाई. इंजिनिअरने टायची गाठ सैल केली. त्याने वाद घातला नाही, एवढं मात्र त्याच्या बाजूने म्हणायला हवं. पंधरा दिवसांत कार्यक्रम दुरुस्त होऊन आला, आणि ताईला दिलेलं पत्र मागे घेतल्याचं पत्र आलं. साहेबांनी त्या अकरा दिवसांच्या फायली आणि प्रोग्राम एका सीडीवर उतरवून धाकटीला दिला. पुढेमागे कुणी उकरून काढलं तर असू द्या, म्हणाले.

त्याच अकरा दिवसांत आणखी एक गोष्ट झाली होती. धाकटीला सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाचं पत्र आलं होतं, दूरच्या शहरात, नेटवर्कच्याच कामाचं. खात्यातून एकालाच पाठवायचं होतं आणि साहेबांनी तिचं नाव दिलं होतं. दुपारपर्यंत होकार कळवायचा होता. घरी आईला दम्याचा त्रास. धाप लागली की पाठीवर हात फिरवायला, औषधाचा पंप शोधून द्यायला कुणीतरी जवळ लागे. दोघी बहिणींनी पाळ्या अशा लावून घेतल्या होत्या, की एक तरी घरी असेल. धाकटीने टर्मिनलवर ताईला सगळं लिहिलं आणि शेवटी विचारलं, मी जाऊ का?

उत्तर यायला बराच वेळ लागला. मग पडद्यावर एकच शब्द उमटला. 'जा.'

बस, तेवढंच. अभिनंदन नाही, काळजी घे नाही. धाकटी गेली. शिकून आली, विभागात तिला मान मिळाला, पुढे लग्न झालं, लेक झाली, साहेब निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या टेबलावर तीच बसली. आई आणखी तीन वर्षं जगली. पण तो एक शब्द तिच्या मनात कुसळासारखा राहिला. तिला वाटे, ताईला आपलं जाणं खुपलं. स्वतः शिक्षण सोडलेल्या बहिणीला दुसरीचं शिक्षण कधी ना कधी टोचणारच. तिने कधी विचारलं नाही. ताईनेही त्या सहा महिन्यांबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. दोघी रोज फोनवर बोलत, सणसमारंभाला एकत्र असत, पण मध्ये कुठेतरी अर्धा इंच जागा राहिली ती राहिलीच.

सव्वीस वर्षं अशी गेली. ताईने लग्न केलं नाही. पंपघरातूनच निवृत्त झाली आणि आईच्या दोन खोल्यांत एकटी राहत होती. मागच्या हिवाळ्यात तिला अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला. उजवा हात गेला आणि जीभ जड झाली. डॉक्टरांनी सांगितलं, की समज शंभर टक्के शाबूत आहे, फक्त शब्द बाहेर पडताना त्यांचा चिखल होतोय. धाकटीने तिला आपल्या घरी आणलं. धाकटीचा नवरा, शाळेतला सुतारकामाचा शिक्षक, त्याने ताईच्या पलंगाला धरायला लाकडी कठडा करून दिला.

पण ताई बोलेना. प्रयत्नच करेना. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी पाटी आणली, चित्रांचा तक्ता आणला. पाणी हवं असेल तर पेल्यावर बोट ठेवा, असं त्या लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाल्या. ताईने तक्ता उचलून खिडकीबाहेर टाकला, डाव्या हाताने. धाकटीच्या नवऱ्याने तो अंगणातून उचलून आणला आणि म्हणाला, नेम चांगला आहे. ताई हसलीसुद्धा नाही. आठ महिने घरात एक माणूस होतं आणि त्याचा आवाज नव्हता. ज्या बाईचा आवाज चार मोटारींवर चढायचा, ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायची.

सीडी सापडली ती कपाट आवरताना. पांढऱ्या पाकिटात, वर साहेबांच्या तिरप्या अक्षरात तारखा. साहेब जाऊन पाच वर्षं झाली होती. धाकटी ती हातात घेऊन किती तरी वेळ स्टुलावर बसून राहिली. आत तिचा प्रोग्राम होता, तिने तरुणपणी लिहिलेला. त्यात काय काय चुका असतील ते बघावं, एवढाच तिचा पहिला हेतू होता.

नव्या संगणकावर प्रोग्राम चालला, पण पहिल्याच पॅकेटाची लांबी त्याने काही कोटी बाइट सांगितली आणि तो कोसळला. ती चष्मा लावून बसली. दोन दुपारी गेल्या. साठीनंतरही तीच गंमत, तेच डोकं आपटणं. मग सापडलं. फाइलमधल्या प्रत्येक पॅकेटाआधी वेळ लिहिलेली असते, सेकंद चार बाइटांत आणि त्याखालचे भाग चार बाइटांत. तिने त्या काळी ते 'लाँग' नावाच्या, सीमधल्या आकड्याच्या मापाने वाचले होते. तेव्हाच्या मशिनवर लाँग चार बाइटांचा असे, आताच्यावर आठांचा झाला होता.

"लाँग लांब झाला," ती नवऱ्याला म्हणाली.

"सगळ्यांचंच होतं वयाप्रमाणे," तो आपल्या सुटलेल्या पोटावर हात फिरवत म्हणाला. त्याला काहीही कळलं नव्हतं.

तिने नेमके चार बाइट वाचणारं माप घातलं. आणि पडद्यावर सव्वीस वर्षांपूर्वीची एक सकाळ सरकू लागली. आठ वाजून एक मिनिट, पंपघरातून मशिनकडे. मशिनकडून पंपघराकडे. नुसते पत्ते आणि वेळा. तरी तिला केबिनमधली खुर्ची दिसली, काचेवर बसलेला तेलाचा थर दिसला, दर बटणामागे ताईचं बोट दिसलं. मधूनच एका बटणाला जरा जास्त वेळ लागत होता, ते आठाचं असणार.

मजकूर दाखवायचा तर एकच ओळ बदलायची होती. तिने ती बदलली नाही. संगणक उचलून ती ताईच्या खोलीत गेली, पलंगाशी खुर्ची ओढली, आणि हे काय आहे ते सगळं सांगितलं. साहेबांची अट सांगितली. अकरांपैकी दोनच दुपारी वाचल्या होत्या तेही सांगितलं.

"बाकीचं वाचू का, ताई? तू नको म्हणालीस तर मी सीडी मोडून टाकते."

ताई भिंतीकडून वळली. पडद्याकडे बघत राहिली. मग तिने डावा हात गादीवर दोनदा आपटला. पंपघरात आवाजामुळे 'हो' म्हणायची ती खूण होती.

सुरुवातीला सगळं किरकोळच होतं. सहा पूर्णांक एक, सहा पूर्णांक तीन. मग एक ओळ, 'आईने औषध घेतलं का.' पण प्रोग्राम फक्त पाठवलेली ओळ दाखवत नव्हता. दाबलेलं प्रत्येक बटण दाखवत होता, खोडण्याचंसुद्धा. ओळ धाकटीच्या पडद्यावर पूर्ण झाल्यावरच उमटायची, तिला खोडलेलं कधी दिसलं नव्हतं. तारेवरून मात्र ते सगळं गेलं होतं. ताईने 'साबण'चं स्पेलिंग चारदा खोडलं होतं. एकदा खात्याच्या इंजिनिअरला एक झकास शिवी लिहून पुसून टाकली होती आणि तिथे 'होय साहेब' लिहिलं होतं. ते वाचल्यावर ताईच्या घशातून एक आवाज आला. धाकटी घाबरून उठली. मग तिला कळलं, की ताई हसतेय.

आठव्या दुपारी दोघी आठव्या दिवसाशी, प्रशिक्षणाचं पत्र आलेल्या दिवसाशी, आल्या. धाकटीला ठाऊक होतं पुढे काय आहे. तिची स्वतःची ओळ आली, मी जाऊ का. त्यानंतर बावीस सेकंद काहीच नाही. मग पंपघरातून एकेक अक्षर येऊ लागलं. ती मोठ्याने वाचत गेली.

'आईचं मला एकटीला झेपणार नाही गं. परवा धाप लागली तेव्हा मी रडले. भीती वाटते.'

मग पुन्हा शांतता, चाळीस सेकंदांची. मग खोडण्याचं बटण. एक, दोन, दहा, पन्नास, सगळी ओळ संपेपर्यंत, एका लयीत, मध्ये कुठेही न थांबता. आणि त्यानंतर दोन अक्षरं, एक टिंब, आणि ओळ संपवायचं बटण. जा.

धाकटीने चष्मा काढला. तिला काही दिसत नव्हतं. सव्वीस वर्षं ती ज्या शब्दावर रुसून होती, तो लिहायला बहिणीला केवढं पुसावं लागलं होतं.

"मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली. "निदान नंतर तरी?"

ताईने ओठ हलवले. चिखल झाला. तिने डोळे मिटून घेतले, आणि धाकटीला वाटलं, आता ही पुन्हा भिंतीकडे वळणार. पण ताईने डावा हात पुढे केला आणि संगणक आपल्याकडे ओढला. एका बोटाने, बटण शोधत, त्याच जुन्या वेड्यावाकड्या स्पेलिंगमध्ये तिने लिहायला घेतलं. वीस-पंचवीस अक्षरांना पाच मिनिटं लागली. धाकटीने मदतीला हात पुढे केला तर तिने तो झटकला.

'कळलं असतं तर गेली असतीस?'

"नाही," धाकटी म्हणाली.

'म्हणून.'

बाहेर नवरा कुठली तरी फळी तासत होता, त्याचा आवाज येत राहिला. जरा वेळाने ताईने पुन्हा काहीतरी लिहिलं आणि पुसून टाकलं.

"आता काय खोडलंस?"

ताईने मान हलवली. सांगायची नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यायामाच्या बाई आल्या तेव्हा ताईने संगणक मागून घेतला आणि त्यांना लिहून विचारलं, की तो पेल्याचा तक्ता तुम्ही घरी नेणार की मी पुन्हा फेकू. बाई आधी चपापल्या, मग मनापासून हसल्या. त्या दिवसापासून काम मार्गी लागलं. जीभ सुधारायला वेळ लागणारच होता आणि लागतोय. पण घरात ताईचं बोलणं परत आलं, एका बोटाचं. ती जेवणाला नावं ठेवू लागली. मेहुण्याच्या विनोदांना गुण देऊ लागली, दहापैकी दोन, कधी तीन.

अकरा दिवसांच्या फायली त्यांनी रोज दुपारी एक दिवस अशा वाचून काढल्या. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमाराला एका ओळीच्या मध्येच नक्कल संपली. तेव्हा डिस्क भरली असावी. शेवटच्या पॅकेटात लांबी साठ लिहिलेली होती आणि प्रत्यक्षात एकवीसच बाइट होते. प्रोग्रामने इमानदारीने सांगितलं, की पुढचं नाही.

'मग?' ताईने लिहिलं.

"मग मी गेले," धाकटी म्हणाली. "पुढचं तुलाच माहीत. ते सहा महिने तू कसे काढलेस, मला आजवर ठाऊक नाही."

ताईने संगणक मांडीवर ओढून घेतला. मग उशीला नीट टेकून बसली आणि लिहू लागली. त्या दुपारी ती दीड तास लिहीत होती. धाकटी शेजारी बसून अक्षरं येतील तशी वाचत होती.

आईला ती रोज बरोबर नेत होती. पंपघरात. नियमात बसत नव्हतं, पण दुपारच्या पाळीच्या मिस्त्रीने डोळेझाक केली, वर घरून एक आरामखुर्ची आणून केबिनमध्ये ठेवली. पहिले दोन दिवस आई कानात बोटं घालून बसली. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, हे काटे कसले. दहा दिवसांत ती चारही तबकड्या वाचायला शिकली. धाप लागायची, पण कमी. ताईचं म्हणणं, कारण तिचं दिवसभर कामात मन होतं. तास भरला की ताई टर्मिनलपुढे बसायची, आणि जन्मभर जिने कधी घरात आवाज चढवला नव्हता ती आई, खुर्चीतून अर्धवट उठून, मोटारींच्या वर ओरडून आकडा सांगायची.

'आकडा बरोबर असायचा,' ताईने लिहिलं. 'एकदाही चुकली नाही.'